खाकऱ्याचं पाप

"बंद करा ते! बंद करा म्हणतो ना! अंगावर काटा येतो माझ्या!"

ओरडत होतो मी. कापसाच्या ढिगावर उभा राहून ओरडत होतो. कापसावर उभं राहून भांडण्यात एक मोठी अडचण असते, माणूस जितका तावानं बोलेल तितका खाली जातो. 'बंद करा' म्हणालो तेव्हा घोट्यापर्यंत होतो, 'काटा येतो' म्हणेस्तोवर गुडघे गडप झाले, आणि त्यानंतर मी जे भाषण ठोकलं ते संपता संपता कापसाच्या वर माझी मिशी आणि उजव्या हाताचं बोट एवढंच उरलं होतं. खोटं वाटत असेल तर त्या दिवशी हजर असलेल्या कुणालाही विचारा. त्यातले दोघं वारले, एक पुण्याला गेला आणि चौथा माझ्यापेक्षा थापाड्या आहे, ही गोष्ट वेगळी.

रेडिओवर एक कव्वाल गात होता. आम्ही त्याला खाकऱ्या म्हणायचो. म्हणजे मी म्हणायचो, आणि मी म्हणतो म्हणून बाकीचे म्हणायला लागले. प्रत्येक नव्या कडव्याच्या आधी तो घसा खाकरायचा. साधंसुधं खाकरणं नव्हे. आधी गोठ्यात बैल कूस बदलतो तसा आवाज, मग रिकाम्या टाकीत धोंडा पडावा तसं 'खर्रऽख', मग क्षणभर सगळं शांत, आणि मग सूर. सूर बारीक होता पण स्वच्छ होता, हे आज कबूल करतो. तेव्हा मला तो सूर ऐकूच यायचा नाही. एक खाकरणं झालं की मी पुढच्या खाकरण्याची वाट बघत बसायचो, आणि वाट बघता बघता दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

दुकान होतं गादीवाल्या चाचांचं. औरंगाबादच्या क्रांती चौकातून आत वळलं की तिसरी गल्ली. चाचा पिंजारी. दहा बाय बाराची खोली, छतापर्यंत कापूस, मधे चाचा आणि त्यांचं ते धनुष्यासारखं पिंजण. तारेवर ठोका पडला की 'टंवऽ टंवऽ' असा आवाज निघायचा आणि कापूस असा उडायचा की आत गेलेला काळ्या केसांचा माणूस बाहेर येताना आजोबा होऊन यायचा. माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते त्या दुकानातून बाहेर पडताना. मुलगा वयस्कर आहे म्हणून सोयरीक मोडता मोडता राहिली.

मी तेव्हा चितेगावच्या एका कारखान्यात होतो. पहिली पाळी सुटली की कंपनीची बस क्रांती चौकात सोडायची, आणि मी घरी न जाता चाचांकडं जायचो. असे आम्ही पाच जण. आम्हाला कव्वालीचं वेड होतं. आम्ही स्वतःला श्रोता मंडळ म्हणवून घ्यायचो, आणि दर जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, संध्याकाळी रेडिओवर फर्माइशी कव्वालीचा कार्यक्रम लागायचा तेव्हा रस्त्यावरून हत्ती गेला असता तरी आमच्यातल्या एकानंही मान वळवली नसती.

फर्माइश जायची पोस्टकार्डावर. वरती कव्वालीचं नाव, खाली कव्वालाचं, मग मंडळातल्या सगळ्यांची नावं ओळीनं. निवेदक ती नावं वाचायचा, आणि आपलं नाव हवेतून ऐकलं की पुढचे आठ दिवस चालताना पाय जमिनीला टेकायचे नाहीत. आमची एक पक्की समजूत होती, की एका पत्त्यावरून एका आठवड्यात एकच कार्ड जायला पाहिजे. दोन गेली तर दोन्ही टोपलीत. ही समजूत कुठून आली कोण जाणे, बहुतेक मीच आणली असेन. त्यामुळं दर आठवड्याला कुणाची कव्वाली मागायची यावर हात वर करून मतं पडायची, आणि कार्ड मी लिहायचो.

मीच का? अक्षर! माझं अक्षर इतकं सुंदर होतं की आमच्या गावच्या तलाठ्यानं एकदा माझा अर्ज पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सातबारा लिहायचं सोडून कीर्तनाला लागला. चाचा मला मुन्शी म्हणायचे. फर्माइशीचं कार्ड मी लिहायचो आणि चाचांची घरची पत्रंही मीच लिहायचो. चाचांना पाटीवरची उर्दू अक्षरं जुळवून वाचता यायची, तेवढंच. त्यांची एकुलती एक मुलगी मात्र मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. ती लग्न होऊन परभणीला गेली, तेव्हापासून बाप बोलायचा, मी लिहायचो, आणि ती वाचायची.

ही मुलगी त्या कापसातच वाढलेली. आम्हाला चहा घेऊन यायची. रेडिओवर खाकऱ्या लागला असला तर ती चहाची किटली खाली ठेवायची, एक हात छातीवर, मान जराशी वर, आणि त्याच्या आधी अर्धा क्षण 'खर्रऽख' करायची. वेळ अशी अचूक साधायची की रेडिओतला मागून खाकरला की वाटायचं तो तिची नक्कल करतोय. अख्खं दुकान हसायचं. चाचा हसता हसता कापसाच्या ढिगावर कलंडायचे. मीसुद्धा हसायचो. त्या पोरीचं खाकरणं मला चालायचं, त्याचंच चालत नव्हतं.

लग्नात तिनं सामानाबरोबर खाकऱ्याची एक कॅसेट नेली होती.

तर त्या दिवशी चाचांनी पिंजण बाजूला ठेवलं आणि मंडळासमोर अर्ज ठेवल्यासारखं बोलले. पोरीला दिवस गेलेले, आठवा संपत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण पोरीची आई दोन वर्षांपूर्वीच गेली होती, आणि सासरच्यांनी निरोप धाडला होता की मायच नाही तर माहेराला पाठवून करायचं काय, इथंच होईल सगळं.

"मी काय करू शकतो?" चाचा म्हणाले. "बाप आहे. बाप जाऊन उंबऱ्यावर बसंल, चहा पिऊन परत येईल. म्हणून म्हणतो, पुढच्या जुमेरातला एक कार्ड त्याचं जाऊ द्या. खाकरनेवाले का. पहिलं नाव माझं लिवा. ती ऐकंल, अन् हसंल. मेरेकू दिसनार नै, पर हसेगी जरूर."

चार हात वर गेले. चाचांचा पाचवा. माझा खाली. नेमकं त्याच वेळी, जणू मत मागायला आल्यासारखा, रेडिओवर दुसऱ्या कुणाच्या फर्माइशीनं खाकऱ्याच लागला, आणि मी कापसावर चढलो. ते भाषण तुम्ही वर ऐकलंच आहे.

मला बाहेर ओढून काढल्यावर चाचा अगदी शांतपणे म्हणाले, "मुन्शी, तुमको नै भाता, ठीक है. इतका कापूस हाय इथं. दोन बोळे घ्या, कानात घाला."

सगळे हसले. असे हसले की मला वाटलं पार पैठण गेटापर्यंत ऐकू गेलं. आणि मला डंख लागला. आता विचार करतो तेव्हा कळतं, चाचांनी मला अगदी बरोबर उत्तर दिलं होतं. आवडत नाही? नको आवडू दे. कानात बोळे घाल. त्यात कुणाचा अपमान नव्हता, कुणाचं काही जात नव्हतं. पण नावडीला एकच मत असतं आणि मला तर सगळी पाहिजे होती. म्हणून मी कपड्यांवरचा कापूस झटकला, आवाज खाली आणला, आणि म्हणालो, "मला काय, मी कानात घालीन बोळे. पण चाचा, पोटुश्या पोरीला ऐकवायचा, तर माणूस कोण आहे तेवढं बघाल का नाही?"

"म्हणजे?"

म्हणजे काय, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण तोंड उघडलं की गोष्ट आपोआप येते, हा माझा जन्माचा रोग. मी सांगितलं, की या खाकऱ्याचा एक म्हातारा उस्ताद होता. सगळ्या चिजा त्याच्या वहीत. उस्ताद आजारी पडला, अखेरच्या घटका मोजायला लागला. उशाखाली वही. शेजारी हा एकटा शागीर्द. म्हाताऱ्यानं पाणी मागितलं. हा उठला, लोटा भरला. पितळेचा लोटा, काठाला पोचा गेलेला. (पोचा मी का घातला माहीत नाही. पोचा घातला की लोटा खरा होतो.) लोटा घेऊन आला, उस्तादाचं डोकं एका हातानं उचललं, दुसऱ्या हातानं उशाखालची वही काढली, आणि लोटा तसाच भरलेला खाली ठेवून निघून गेला. म्हातारा लोट्याकडं बघत बघत गेला.

पिंजणाची तार कुणी न छेडता थरथरत होती असं मला आठवतं. ही मात्र थाप नाही.

"पानी नै दिया?" चाचा म्हणाले.

"नाही."

"मरते आदमी को?"

"लोटा हाताच्या अंतरावर होता, चाचा. भरलेला."

"तुमको कौन बोला?"

"आमच्या खात्यात त्याच्या गावचा एक जण आहे."

आमच्या खात्यात असा कुणी नव्हता. तो उस्ताद कुठं नव्हता, वही नव्हती, लोटा नव्हता. होतं एवढंच, की मला एका माणसाचं खाकरणं आवडत नव्हतं. आणि चाचांसारख्या माणसाला कुठं दाबलं की दुखेल हे मी बरोबर ओळखलं होतं. हा बाबा दुकानाबाहेर वाटसरूंसाठी रांजण ठेवायचा आणि तो रिकामा दिसला तर हातातलं गिऱ्हाईक सोडून भरायचा. मी चोरी सांगितली असती, बाई सांगितली असती, तर चाचांनी मान हलवून सोडून दिलं असतं. मी पाणी सांगितलं.

"काट दो उसका नाम," चाचा म्हणाले. "दुसरा लिखो कोई."

मी माझ्या वाघाचं लिहिलं. वाघ म्हणजे माझा आवडता कव्वाल. त्याचा आवाज असा, की त्यानं औरंगाबादला तोंड उघडलं तर जालन्यात लोक छत्र्या काढायचे. त्या जुमेरातला निवेदकानं आमची नावं वाचली, वाघ गर्जला, आणि चाचा गाणं चालू असताना पिंजत राहिले. याआधी कव्वाली चालू असताना त्यांनी तारेला कधी हात लावलेला नव्हता.

इथंच थांबलं असतं तर मी ही गोष्ट लिहायला बसलो नसतो. दुसऱ्या दिवशी चाचांनी मला परभणीचं पत्र लिहायला बसवलं. सलाम, खुशाली, तब्येतीला जप, वजन उचलू नको. मग म्हणाले, "लिवा. ती कॅसेट जी तू घेऊन गेली, ती लावू नको. ज्यानं मरणाऱ्याला पाणी दिलं नाही त्याचा आवाज लेकराच्या कानी पडू नये."

माझं पेन थांबलं. शाई संपली, असं मी सांगितलं. चाचा उठले, शेजारच्या शिंप्याकडून पेन मागून आणलं आणि माझ्या हातात दिलं. तेव्हा सांगता आलं असतं. 'मला फक्त तो आवडत नाही,' एवढे पाच शब्द. आयुष्यात मी पाच लाख थापा मारल्या असतील, त्यातली एकही परत घ्यायला मला लाज वाटली नाही. हे पाच शब्द खरे होते आणि ते तोंडातून निघेनात. मी लिहिलं. वळणदार लिहिलं. उकार-वेलांट्या सगळ्या जागच्या जागी.

तिचं उत्तर आलं. मुलगा झाला होता. शेवटी एक ओळ होती, ती मीच चाचांना वाचून दाखवली: 'कॅसेट काढून ठेवली आहे. तो असा असेल असं वाटलं नव्हतं.'

पुढं दोनेक वर्षांनी एक माणूस रजई भरून घ्यायला आला. वाळूजला एका कारखान्याच्या गेटवर कामाला होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. चाचांनी सहज विचारलं, मशीनमध्ये गेली का? तो म्हणाला, नाही, पेटीत. तो ढोलकवाला होता. माझ्या वाघाच्या पाठीमागं कित्येक वर्षं बसलेला. एका कार्यक्रमात त्याचा ठेका चुकला, आणि कार्यक्रम संपल्यावर वाघानं त्याचा हात हार्मोनियमवर धरला आणि वरून झाकण आपटलं. दोनदा. हे सांगताना त्यानं आवाज चढवला नाही, रजईत कापूस किती किलो घालायचा ते जसं सांगितलं तसंच हेही सांगितलं.

मंडळ माझ्याकडं बघायला लागलं. आणि मी काय म्हणालो? मी घसा खाकरला (हो, मीच) आणि म्हणालो, "असं बघा. माणूस वेगळा, कला वेगळी. आपल्याला गाण्याशी मतलब. कलावंत रागीट असतातच. आणि एका बाजूचं ऐकून आपण कोण ठरवणारे?"

वकील झालो असतो तर जज्जाच्या डोळ्यात पाणी आणलं असतं, इतकं चांगलं बोललो.

चाचांनी पिंजण खाली ठेवलं. "हौ? मग त्या पाण्याचं काय, मुन्शी? ते बी एका बाजूचंच होतं ना?"

"ते... ते मरणाचं होतं चाचा. हे बोटांचं."

"अच्छा," चाचा म्हणाले. ढोलकवाला आपल्या बोटांकडं बघत होता.

बरं, वाघ मला त्या दिवसानंतर नावडता झाला का? अजिबात नाही. आजही त्याचा आवाज कानी आला की माझी छाती फुगते, आणि मग ती दोन बोटं आठवतात, आणि फुगलेली छाती घेऊन मी तसाच बसून राहतो. आवडणं काही जात नाही. ते एक वेळ चालेल. पण हातावर झाकण आपटलेल्या माणसाला मी कला म्हणून सोडून दिलं, आणि ज्यानं आयुष्यात फक्त घसा साफ केला त्याला जन्माचा पापी ठरवलं.

मग मंडळ मोडलं. घरोघर टीव्ही आले, चाचांच्या धंद्यावर फोमच्या गाद्या आल्या, माझी बदली दुसऱ्या पाळीला झाली. वीसेक वर्षं गेली. मी ती गोष्ट विसरलो होतो म्हणा, किंवा विसरल्याचं मनाला पटवून ठेवलं होतं. थापाड्या माणसाला ही एक सोय असते.

एकदा कामानिमित्त वाळूजला गेलो होतो. बस सुटायला वेळ होता म्हणून टपरीवर चहा घेत उभा होतो. टपरीवाल्याच्या टेपवर कव्वाली लागली, आणि कडव्याच्या आधी 'खर्रऽख'. शेजारचा एक अनोळखी माणूस म्हणाला, "बंद कर रे ते. कोण हाय म्हाईत हाय का तुला? यानं उस्तादाला मरताना पाणी नाय पाजलं."

टपरीवाला म्हणाला, "खरं का काय?"

"लई वंगाळ माणूस. चांदीचा लोटा होता. उस्ताद हात जोडत होता, तर यानं लोट्याला लाथ मारली अन् पाणी मातीत सांडलं."

माझा लोटा पितळेचा होता. तो इतक्या वर्षांत चांदीचा झाला होता, आणि लाथ मारायला शिकला होता. मी तोंड उघडलं, की हे खरं नाही, ही गोष्ट माझी आहे. तो माणूस म्हणाला, "तुम्हाला काय ठावं? आमच्या खात्यात त्याच्या गावचा एक जण हाय."

बस आली तेव्हा मी घरी गेलो नाही. क्रांती चौकात उतरलो आणि तिसऱ्या गल्लीत वळलो.

चाचा लई थकले होते. पिंजण भिंतीला टांगलेलं, दुकानात आता तयार उशा. त्यांची मुलगी परभणीहून आलेली होती, तिथंच खाली बसून उशीचं तोंड शिवत होती. केस पिकायला लागलेले. तिनं मला ओळखलं, "या मुन्शीकाका," म्हणाली. रांजण अजून दाराशी होता.

मी चाचांना सगळं सांगितलं. यावेळी काही वाढवलं नाही. त्यामुळं गोष्ट फार लवकर संपली. उस्ताद नव्हता, वही नव्हती, लोटा नव्हता. मला त्याचं खाकरणं आवडत नव्हतं.

चाचांनी मांडीवरची उशी बाजूला ठेवली. मग विचारलं, "म्हणजे पाणी..."

"कुणी मागितलंच नव्हतं, चाचा."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "मेरेकू कायकू बोलते? उसको बोलो. खत तिला गेलं होतं."

मी मुलीकडं वळलो. ती ऐकतच होती, पण सुई थांबली नव्हती. मी म्हणालो, "पोरी, तो माणूस साफ होता. मी लिहिलेलं ते पत्र खोटं होतं. तुझ्याकडं ती कॅसेट असेल तर लाव. आता बिनघोर लाव."

तिनं पुढचा टाका घातला. मला काय सुचलं कोण जाणे, मी एक हात छातीवर ठेवला, मान जराशी वर केली, आणि ती लहानपणी करायची तसं अगदी मोजून 'खर्रऽख' केलं. वाटलं, हसेल.

तिनं दोरा दातानं तोडला.

"आता मलाबी नाय आवडत ते खाकरणं, काका."